टाकीतली आंबील

महानंदा वाईन करते, पण पीत नाही. थुंकते.

येणाऱ्या-जाणाऱ्याला याची मोठी गंमत वाटते. पुण्यामुंबईची माणसं मोटारी घेऊन अक्कलकोटजवळच्या मैंदर्गीच्या पुढे माळावर येतात आणि शेडमध्ये शिरतात. डोक्यावर पदर, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग अशी एक बाई टाकीचा नळ सोडते, ग्लासात घोटभर पांढरी वाईन घेते, डोळे मिटून तोंडात घोळवते आणि कोपऱ्यातल्या बादलीत पचकन थुंकते. आता हसावं की हात जोडावेत, हे त्या पाहुण्यांना कळत नाही. एखादा धीट असला तर विचारतो, "मॅडम, गिळत का नाही?"

"चव जिभेला कळती की," महानंदा म्हणते. "पोटाला काय कळतंय?"

पाहुणे माना डोलावतात. खरं कारण वेगळं आहे, पण ते पाहुण्यांना सांगण्यासारखं नाही. ते कारण घराच्या मागच्या पडवीत बसलेलं असतं. त्याचं नाव काशम्मा, महानंदाची सासू.

महानंदा मूळची मंगळवेढ्याची. काळ्याभोर रानात, ज्वारीच्या ताटांमध्ये वाढलेली पोर. लग्न होऊन इकडे आली आणि सासरचा माळ बघून तिला रडूच फुटलं होतं. खाली ओढ्याकाठी तेवढं काळं रान, त्यात द्राक्षाची बाग, तिचा बेदाणा व्हायचा. बाकी वर नजर जाईल तिथवर पांढरा माळ. कुदळ मारली की ठिणगी उडायची आणि खाली चुनखडीचे गोटे निघायचे. बोअरचं पाणी इतकं जड की घागरीला आतून पांढरी खपली धरायची, आणि त्या पाण्यात डाळ शिजायला बसली की शेजारच्या घरची जेवणं उरकायची. काशम्मा त्या माळाला 'बसून खाणारा दीर' म्हणायची. कामाचा नाही आणि घराबाहेर काढताही येत नाही.

त्या माळावर वाईनची द्राक्षं लावायचं वेड नवऱ्याचं, म्हणजे गुरुबसप्पाचं. शिकायला नाशिककडे आधी तोच गेला होता. पण गुरुबसप्पाला तपकिरीचं व्यसन, आणि तेही लहानपणापासून. शिकवणाऱ्यानं पहिल्याच दिवशी त्याच्यापुढे दोन ग्लास ठेवले, एकात चांगली वाईन आणि एकात आंबून व्हिनेगर झालेली. गुरुबसप्पानं दोन्ही हुंगले आणि दोन्हींना "लई छान" म्हणून मोकळा झाला. चौथ्या दिवशी तो घरी परत आला आणि बायकोला म्हणाला, "तू जा. माझं नाक गेलंय वाया."

मग महानंदा गेली. बारावी शिकलेली, कधी एकटीनं एसटीत न बसलेली बाई गेली आणि शिकून आली. माळावरच्या वेलींना घड कमी लागायचे, मणी बारीक आणि सालीला कडक. पण त्याची वाईन झाली तेव्हा तिची तिलाच खूण पटली. जिभेवर आधी लिंबासारखी आंबट, आणि मागनं येणारी चव कसली, तर दगडाची. चटणी वाटून झाल्यावर पाटा धुवून उन्हात ठेवला की त्याला जसा गार, खारट वास येतो, तशी. चाखणारे मोठे लोक याला मोठी नावं देतात. महानंदा म्हणते, "आमच्या माळाची चव हाय ती."

पण ज्या दिवशी पहिली टाकी भरली, त्याच दिवशी काशम्मानं आपली चूल वेगळी केली.

भांडली असती तर बरं झालं असतं. भांडण आज होतं, उद्या मिटतं. काशम्मानं चकार शब्द काढला नाही. मागच्या पडवीत तीन दगड मांडले, आपला तवा, आपली परात, आपलं पिठाचं डबडं नेलं, आणि एकटीपुरती भाकरी थापायला बसली. गुरुबसप्पा समजूत काढायला गेला तर म्हणाली, "ज्या तोंडानं ती दारू चाखती, त्याच तोंडानं शिवाचं नाव घेती. तिच्या हातचं मला बेड." बेड म्हणजे कानडीत 'नको'. काशम्माला राग आला की तिची मराठी संपायची आणि कानडी सुरू व्हायची.

महानंदानं त्याच दिवशी मनाशी ठरवलं, एक थेंबही घशाखाली जाऊ द्यायचा नाही. कुणी बघो न बघो. मनात कुठंतरी आशा होती की म्हातारी हे कधीतरी बघेल. आठ वर्षं झाली. म्हातारीनं शेडचा उंबरा ओलांडला नाही, आणि सुनेच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. एकदा काशम्मा तापानं फणफणली होती, तेव्हा पेजेची वाटी शेजारणीनं आणून दिली. महानंदा दारात उभी राहून बघत राहिली. मैंदर्गीच्या बाजारात बायका तिला मागून 'दारूवाली' म्हणायच्या, ते तिनं कधीच कानाआड केलं होतं. पण ती पेजेची वाटी तिच्या काळजात रुतून बसली.

यंदाची गोष्ट वेगळीच झाली. दिवाळीच्या आगेमागे पाऊस हटेना, आणि खालच्या काळ्या रानात पाणी तुंबून फुलोऱ्यातले घड कुजून गेले. बेदाणा करायला मणी उरला नाही. वरचा माळ मात्र पाणी पिऊन मोकळा झाला, जसा काही पाऊस पडलाच नव्हता. तिथली बाग तरली, आणि आधीच्या हंगामातली माळाची वाईन शेडमध्ये टाकीत मुरत होती. आजवरच्या सगळ्या वाईनींत ती सरस उतरली होती. येळ अमावस्या झाली की बाटल्या भरायच्या होत्या. सगळ्या घराचे डोळे त्या एका टाकीवर लागले होते.

येळ अमावस्या म्हणजे आपल्या भागातला रानातला सण. कडब्याची कोपी करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, बाजरीचे उंडे, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, खीर असं सगळं डोक्यावरून रानात न्यायचं आणि गावभरच्या पाहुण्यांना जेवू घालायचं. आणि मुख्य म्हणजे आंबील. ज्वारीचं पीठ ताकात आंबवायचं, त्यात लसूण-मिरची वाटून घालायची, मडक्याच्या तोंडाला पांढरं कापड बांधून ठेवायचं. सणादिवशी घरातल्या पुरुषानं ते मडकं घेऊन सगळ्या रानाला फेरी घालायची, हाळी देत आंबील शिंपडायची. जे जे आपल्याला खायला घालतं, त्याला आधी आंबील. हे काम दरवर्षी गुरुबसप्पाचं. तो पिकाला शिंपडायचा, विहिरीला शिंपडायचा, गोठ्याला शिंपडायचा आणि शेडच्या भिंतीजवळ आला की आईकडे बघून गुपचूप वळसा घालायचा.

यंदा गुरुबसप्पा बांधावरून घसरला होता. गुडघा भोपळ्यासारखा सुजलेला. तो कोपीत पाय पसरून बसला आणि पाहुण्यांना, "बसा, बसा, लई ऊन हाय," एवढंच करत राहिला. फेरीचं मडकं काशम्मानं उचललं.

महानंदा तेव्हा शेडमध्ये होती. टाकी तिच्या छातीएवढी उंच. वाईन कमी-जास्त होईल तसं खाली-वर करता येणारं झाकण त्या टाकीला होतं. बाटल्या भरण्याआधी शेवटचा नमुना घ्यावा म्हणून तिनं झाकण काढलं, आणि तेवढ्यात कोपीतून हाक आली, "महानंदा, उंडे कुटं ठिवलीस गं?" अक्कलकोटचे पाहुणे पानावर बसलेले. आता दोन मिनिटांत येऊ, म्हणून तिनं झाकण बाजूला ठेवलं, टाकीच्या तोंडावर धुतलेलं पांढरं कापड टाकलं आणि ती पळाली. सणाच्या दिवशी बाईची दोन मिनिटं कशी असतात, ते बाईलाच माहीत. परत यायला दुपार कलली.

शेडच्या दारात झेंडूचं फूल होतं. फरशीवर ओले शिंतोडे. टाकीच्या पत्र्यावर विभूतीची तीन बोटं ओढलेली. आणि तोंडावरचं कापड तिनं नुसतं टाकलं होतं, ते आता काठाला दोरीनं नीट बांधलेलं, आंबिलीच्या मडक्याला बांधतात तसं.

महानंदाला आधी काही कळेना. मग कळलं, आणि आनंदानं तिचा ऊर भरून आला. सासूला ती कानडीतलं 'अत्ती' म्हणायची. अत्ती आली! शेडमध्ये आली, माझ्या टाकीला विभूती लावून गेली! तिनं हसत हसतच दोरी सोडली, कापड काढलं आणि आत बघितलं.

वाईनवर पांढरा तवंग पसरला होता. त्यात पिठाचे कण, आणि मधोमध एक लसणाची पाकळी.

तशीच बाहेर येऊन तिनं नाशिकला लेकीला, सिद्धेश्वरीला, फोन लावला. सिद्धेश्वरी तिकडे वाईनची तपासणी करण्याचंच काम करते.

"किती पडलं असंल, आई?"

"ओंजळभर तरी असंल बघ."

सिद्धेश्वरी सावकाश सांगू लागली. "ताकातले जंतू असतात ना, त्यांनी वाईनमध्ये जीव धरला तर ती बिघडंल. आंबटपणा जाईल, लोण्यासारखी मऊ लागंल, आणि तुझी ती दगडाची चव काही राहणार नाही. नाहीतर काहीच होणार नाही, आधीच मरतील ते. आता सांगता येत नाही. वरचं काढून टाक, गंधकाची पावडर टाक, झाकण लाव आणि मला नमुना पाठव. आणि आई, आजीला काही बोलू नको."

"मी खुळी हाय व्हय?" महानंदा म्हणाली.

तिनं सगळं सांगितलं तसं केलं. नमुना सोलापूरहून ट्रॅव्हल्सनं नाशिकला गेला. गुरुबसप्पाला सांगणं भाग होतं. तो लंगडत शेडमध्ये आला, टाकीवर वाकला, नाक भरून हुंगलं आणि म्हणाला, "वास तर लई छान येतोय की." महानंदानं कपाळावर हात मारला.

वाईन गेली तर घराचं काय होईल, ही एक भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती, आणि ती तिनं नवऱ्यापाशी बोलून दाखवली. "माळ पुन्हा द्राक्षं दील. पर अत्तीच्या हातानं नासली असं झालं, तर ती पुन्हा न्हाय यायची. जन्मात न्हाय. तिला कळता कामा नये."

"माझ्या तोंडातनं शब्द न्हाय निघायचा," गुरुबसप्पानं गळ्यातल्या लिंगाला हात लावून सांगितलं.

आता गुरुबसप्पाच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे अख्ख्या मैंदर्गीला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी आईजवळ पायाला शेक घ्यायला बसला आणि शेक पुरा व्हायच्या आत सगळं ओकून मोकळा झाला.

त्या दुपारी पडवीतली चूल पेटली नाही. संध्याकाळीही नाही. महानंदानं बघितलं तर काशम्मा भिंतीला टेकून बसलेली, परात पालथी. सकाळी हातावर लिंग घेऊन पूजा केली तेव्हाचं तीर्थ, तेवढंच पोटात गेलेलं.

"अत्ती, असं उपाशी बसू नगा."

"भूक न्हाय."

महानंदा उंबऱ्याशीच खाली बसली. पडवीत जायची सवयच राहिली नव्हती.

"तुमी कशाला गेलाव तितं?" तिनं हळूच विचारलं. राग नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

काशम्मा बाहेर बघत बोलू लागली. "विहिरीला दिली आंबील. गोठ्याला दिली. त्या मुडद्या ट्रॅक्टरला बी दिली. यंदा काळ्या रानानं हात वर केलं. आता घर चालायचं ते तुझ्या त्या टाकीवरच की. जो खायला घालतोय त्यालाच उपाशी ठिवायचं व्हय? मग आत गेले. बघितलं तर तोंडाला कापड. म्हटलं, हिनं बी माझ्यावानीच आंबवाय ठिवलंय. म्हणून ओंजळ घातली. तू नुसतंच टाकलं हुतंस कापड, माशा जातील की, म्हणून बांधून ठिवलं." तिनं पालथी परात दूर सारली. "आठ वर्षं पाय ठिवला न्हाय, आनि ठिवला तर नासून आले. शिवानंच सांगितलं मला, तुझी जागा न्हाय तितं."

"अजून नासलं न्हाय, अत्ती."

"नासंल."

"कापड मी टाकून गेले. झाकण मी लावलं न्हाय. चूक माझी हाय."

काशम्मानं मान फिरवली. महानंदा उठून गेली, आणि स्वयंपाकघरात जाऊन तिनं एवढं तिखट पीठ मळलं की त्या दिवशी धपाटे खाताना गुरुबसप्पाच्या डोळ्यांतून पाणी आलं. तो मुकाट खात राहिला, कारण अपराधी माणसानं चवीबद्दल बोलू नये एवढं त्यालाही कळत होतं.

निकाल येईपर्यंत महानंदा रोज सकाळी टाकीचा नळ सोडून चाखायची. कधी वाटायचं, दगड आहे. कधी वाटायचं, लोणी आलं. मग पुन्हा चाखायची आणि पुन्हा थुंकायची. भ्यालेल्या माणसाच्या जिभेवर भरवसा ठेवता येत नाही, हे तिला त्या दिवसांत कळलं. काशम्मा शेजारणीकडचं ताक तेवढं घ्यायची, दुसरं काही नाही. म्हातारीचा चेहरा उतरत चालला, आणि घरात कुणी मोठ्यानं बोलेना.

फोन आला तेव्हा महानंदा शेडमध्येच होती.

"आई, काही झालेलं नाही," सिद्धेश्वरी हसत होती. "दोनदा तपासलं मी. जंतूंनी काही जीव धरला नाही. उलट ताक खाली बसताना थोडा गढूळपणा घेऊन गेलं, काचेसारखी निवळलीय. दूध घालून वाईन निवळायची जुनी पद्धत आहे काही देशांत. आजीनं तेच केलं, फक्त लसूण जास्तीचा. गाळून घे आणि भर बाटल्या."

"आनि दगड?"

"दगड जागच्या जागी आहे, आई."

महानंदा तिथंच पालथ्या क्रेटवर बसली आणि तोंडाला पदर लावून पोटभर रडली. इतकं हलकं तिला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं. मग तोंड धुऊन, डोळे पुसून ती घराकडे निघाली. लंगडणाऱ्या गुरुबसप्पानं "काय झालं, काय झालं" म्हणून विचारलं, त्याला तिनं, "तुमाला नंतर," एवढंच सांगितलं. नाहीतर तिच्या आधी तोच पडवीत पोचला असता.

काशम्मा उठून उभी होती. सुनेचा चेहरा बघूनच तिनं भिंतीला हात टेकला.

"चांगली हाय, अत्ती. तुमच्या आंबिलीनं निवळली. सिद्धीनं सांगितलं."

"शिवा, शिवा," काशम्मा म्हणाली आणि डोळे मिटून गळ्यातलं लिंग मुठीत धरून उभी राहिली. महानंदाला वाटलं, आता ती आत वळेल, परात सरळ करील आणि आपलं पीठ घेईल. तसंच झालं असतं तरी महानंदाची काही तक्रार नव्हती. म्हातारी जेवली म्हणजे झालं.

काशम्मा वळली खरी, पण पडवीतून बाहेर आली. उंबरा ओलांडला, मोठ्या स्वयंपाकघरात गेली आणि भिंतीजवळचा पाट ओढून बसली.

"वाढ," ती म्हणाली.

महानंदाला भाकरीची टोपली सापडेना, वाटी सापडेना, स्वतःचंच स्वयंपाकघर परकं झालं. तिनं भाकरी वाढली, मेथीची भाजी वाढली, हात जोडावेत तसा तांब्या पुढे धरला. काशम्मानं घास घेतला, सावकाश चावला, आणि तोंड वाकडं केलं.

"मीठ कमी हाय."

"देते, अत्ती."

"मीठ तुझ्या भाजीपरीस त्या टाकीतच जास्त हाय."

मिठाची वाटी महानंदाच्या हातातच राहिली. "तुमाला कसं म्हाईत?"

"ओंजळ घालताना बोटं बुडाली की. आंबील झाली का न्हाय ते बोट चाटूनच बघायची सवय, जन्माची. गेलं बोट तोंडात." काशम्मा जराही लाजली नाही, दुसरा घास मोडत बसली. "पाटा चाटल्यावानी लागलं. खारट."

"मग? थुकलाव न्हाय व्हय?"

काशम्मानं मान वर करून सुनेकडे बघितलं.

"अन्न कुनी थुकतं का गं?" ती म्हणाली. "दे मीठ."